चांगला डोळा झाकायचा

जळगावच्या दवाखान्यात तिला ठेवलं होतं तेव्हा शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. दुपारी मी डबा घेऊन गेलो तर ती उशीला टेकून बसली होती. नाकात नळी, हाताला सुई. मला पाहिल्याबरोबर तब्येतीचं एक अक्षर न काढता म्हणाली, "पहिलीना पोऱ्यास्ना डोया राही ग्यात." पहिलीच्या पोरांचे डोळे तपासायचे राहून गेले, असं तिला म्हणायचं होतं. एरवी ती शाळेतलं शुद्ध बोलायची, पण चिडली किंवा घाबरली की तिची माहेरची, साक्रीकडची बोली बाहेर यायची. त्या दिवशी ती चिडली होती की घाबरली होती, मला अजून कळलेलं नाही... मी म्हणालो, आधी दोन घास खा. ती म्हणाली, खाते, पण तुम्ही उद्या शाळेत जा, नव्या गुरुजींना सांगा, दाताळं खिळ्यावरच आहे, पोरं दमलेली नसतात तेव्हा सकाळच्या वेळी घ्या म्हणावं. मी हो म्हणालो. आजारी माणसाला कशालाही हो म्हणतात, तसा म्हणालो. मग आमची पोरगी तिच्याजवळ बसायला आली आणि मी यावलची बस धरली. सकाळी शर्टाची बटणं लावत होतो, शाळेतच जायचं म्हणून, तेव्हा फोन आला. पोरगी नुसती दादा, दादा करत होती. मी म्हणालो, काय झालं ते सरळ सांग. तिनं सरळ सांगितलं.

माझ्या बायकोचं नाव विमल. गावात तिला कोणी विमल म्हणत नव्हतं, सगळे बाई म्हणायचे. मीसुद्धा चारचौघांत बाईच म्हणायचो आणि घरात चिडवायचं असलं की मास्तरीण. मी सुतार आहे. शिक्षण चौथी. लग्नानंतर ती शिकली, मास्तरीण झाली आणि आमच्याच गावच्या मराठी शाळेत लागली. सातपुड्याच्या बाजूचं गाव आमचं, चहूकडे केळी. लोक म्हणायचे, नानाची बायको रात्री नानाला पाढे म्हणायला लावते. मी म्हणायचो, लावते, आणि चुकलो तर जेवायला देत नाही. हा लेख मी माझ्या हातानं लिहिला आहे. नातीनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. बाकी काही सुधारायचं नाही, असं तिला सांगितलं आहे.

द्वारदर्शनाला, म्हणजे दारावर भेटायला, माणसं येत होती. ओट्यावर सतरंजी टाकली होती. प्रत्येक जण यायचा, टोपी मांडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, बाई देवमाणूस होत्या. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी राग यायला लागला. मी एकाला विचारलंच, ती देवमाणूस होती तर तुझ्या नातवाला चष्मा लावायचा म्हणून तुझ्या घरी चकरा मारत होती, तेव्हा तू मागच्या दारानं मळ्यात का पळायचास? पोरगी मला आत घेऊन गेली, म्हणाली, दादा, लोक दुःखात भेटायला आलेत. मी म्हणालो, दुःखात मीही आहे, मला खरं बोलता येतं, त्यांना का येत नाही? देवमाणूस म्हटलं की पुढचं काम करायला नको, हे या लोकांना बरोबर ठाऊक आहे.

तिचं काम काय होतं, ते आधी सांगतो. पहिली-दुसरीच्या पोराला दिसत नसलं तर ते पोर सांगत नाही. त्याला वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं. फळ्यावरचं चुकीचं उतरवतं, मार खातं, मठ्ठ ठरतं. म्हणून शाळेतल्या मास्तरांनीच पोरांचे डोळे पाहावेत, असा सरकारी कार्यक्रम आला. तालुक्याला एक दिवस शिकवलं, एक पुठ्ठ्याचा तक्ता दिला आणि लांबी मोजायला दोरी दिली. तक्त्यावर अक्षर एकच, इंग्रजीतलं तीन दातांचं. कुठं दात वर, कुठं खाली, कुठं डावीकडे, कुठं उजवीकडे. पोरानं सहा मीटरवर उभं राहायचं, एक डोळा तळहातानं झाकायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं दात असतील त्या बाजूला करून दाखवायची. आमच्या पोरांनी त्या अक्षराला दाताळं म्हणायला सुरुवात केली, शेतात कचरा ओढायला असतं ते. अंतर मी माझ्या टेपनं मोजून दिलं, दोरीवर माझा विश्वास नव्हता. व्हरांड्याच्या टोकाच्या भिंतीपासून मोजत आलो, सहा मीटरवर लाल रंगाची रेघ मारली आणि तक्ता टांगायला भिंतीत पहिलीच्या पोराच्या डोळ्याच्या उंचीला खिळा ठोकला. सांगायचं कारण असं की त्या खिळ्यावरून पुढं भांडण झालं आहे.

तिचं एक वाक्य साऱ्या गावातल्या पोरांना पाठ होतं. पोर जोरात डोळा दाबायचं, मग डोळा उघडल्यावर त्याला सगळं धुरकट दिसायचं आणि तपासणी वाया जायची. म्हणून ती प्रत्येकाला म्हणायची, "दाबू नको, नुसता झाक." तळहाताची वाटी करून स्वतःच्या डोळ्यावर ठेवून दाखवायची. पोरं एकमेकांना चिडवायला तेच म्हणायची. भांडणात एकानं दुसऱ्याचं तोंड दाबलं तरी तिसरा म्हणायचा, दाबू नको रे, नुसतं झाक.

पहिल्या वर्षी सगळी पोरं पास झाली. बाई खूश. घरी येऊन म्हणाली, आपल्या गावात केळी चांगली आणि डोळेही चांगले. त्या पास झालेल्यांत जयू होती, तोताराम आबाची नात. तोताराम आबा म्हणजे गावातला मोठा केळीवाला, खळ्यात दोन ट्रॅक्टर, शब्द कोणी खाली पडू देत नव्हतं. जयू नाकीडोळी नीटस, तरतरीत, वर्गात सगळ्यांत आधी कविता पाठ करायची. संक्रांतीनंतर गावात डोळ्यांची साथ आली. जयूचा उजवा डोळा सुजून बंद झाला आणि ती वर्गाच्या दारातून आत येताना चौकटीवर आपटली. बाईला वाटलं, पोरीची झोप झाली नसेल. मग तिला फळ्यावर काय लिहिलं आहे ते विचारलं, तर पोरगी म्हणाली, बाई, आज फळा कोणी पुसला? फळा भरलेला होता. उजवा डोळा मिटल्यावर तिचा फळा गेला होता. डाव्या डोळ्यानं तिला कधी नीट दिसलंच नव्हतं.

मग ही पास कशी झाली? बाईनं तिला जवळ घेऊन विचारलं. रांगेत उभी असताना पुढच्या पोरांची बोटं पाहून पोरीनं सगळा तक्ता पाठ करून टाकला होता. वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे... पाढे म्हणावे तशी म्हणून दाखवली. तिला ती कविताच वाटली होती. आणि तिनं एकटीनं नाही, अर्ध्या वर्गानं तेच केलं होतं. ज्याला जास्त पाठ, तो जास्त चांगल्या डोळ्यांचा. बाई घरी आली ती चप्पल न काढता माझ्या कामाच्या जागी येऊन उभी राहिली. म्हणाली, फिरवता येईल असं एक दाताळं करून द्या, पाठ होणार नाही असं. मी दुसऱ्या दिवशी साग तासून हातभर लांबीचं केलं, रंधा मारून गुळगुळीत. तिनं पाहिलं आणि हसायला लागली. म्हणाली, हे तर यावलच्या स्टँडवरून दिसेल. मग कळलं, ते अंगठ्याच्या नखाएवढंच पाहिजे, माप ठरलेलं असतं. घरात एक जुनं पोळपाट पडलं होतं, त्याचे पाय काढले, मूठ बसवली, पांढरं केलं आणि मधोमध काळं इवलंसं दाताळं बसवलं. दात आणि मधल्या फटी सारख्याच रुंदीच्या. हातपंख्यासारखं दिसायचं, आणि काम झालं की तक्त्याच्या त्याच खिळ्याला टांगायचं. पाठीमागे नेऊन फिरवायचं आणि पोरासमोर धरायचं. पाठ कशाचं करणार?

जयूचा डावा डोळा त्यात सापडला. बाई तिला आणि तिच्या आईला घेऊन जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याला आजार काही नाही, नंबर आहे, आणि मेंदूनं त्या डोळ्याकडे पाहायचं सोडून दिलं आहे. डोळा आळशी झाला. चष्मा लावा आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावा, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागेल. वय लहान आहे तोवर होईल. मोठी झाल्यावर काही होणार नाही, म्हणून एक महिनासुद्धा घालवू नका. त्यांनी स्वतः उजव्या डोळ्यावर पट्टी लावून दिली. होळीच्या आसपासची गोष्ट. बाई निश्चिंत झाली.

त्याच आठवड्यात तिला मतदार याद्यांच्या कामाला जुंपलं. मास्तरानं शिकवावं सोडून बाकी सगळं करावं, अशीच आपल्याकडे पद्धत. उन्हातान्हात घरोघरी, कोण मेलं, कोण नांदायला गेली, विचारत फिरायचं. ते संपलं तर सुट्ट्या लागल्या आणि आमची पोरगी बाळंतपणाला आलेली, तिला तिच्या मामाकडे साक्रीला नेलं होतं, तिकडे बाई गेली. शाळा उघडली तेव्हाच परत आली. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आली, हात धुतले नाहीत, चहाला हात लावला नाही. म्हणाली, "जयू खूश शे. पट्टी लावून पोरगी खूश कशी?"

मला कळेना. म्हणालो, खूश आहे तर बरंच आहे. तर म्हणाली, चांगला डोळा झाकल्यावर पोरगी चिडली पाहिजे, अडखळली पाहिजे, पट्टी काढून फेकली पाहिजे. ही तर शेवटच्या बाकावरून फळा वाचत होती. पट्टी डाव्या डोळ्यावर होती. आम्ही दोघं तसेच तोताराम आबाच्या घरी गेलो. आबा ओट्यावर बसले होते, आम्हाला पाहून खूश झाले, चहा सांगितला. आणि स्वतःच सांगायला लागले, "त्या दवाखान्यातल्या माणसानं चुकीच्या डोयाले लावली होती, बाई. मी दुसऱ्याच दिवशी फिरवली. दुखतं एकीकडे अन् पट्टी दुसरीकडे, असं कुठं असते? तेव्हापासून पोरगी कशी मजेत आहे, पाहा ना."

बाई ओट्याच्या पायरीवर बसली. चहा आला, तसाच निवला. होळीपासून शाळा उघडेपर्यंत पोरीचा आळशी डोळा पट्टीखाली झोपला होता आणि सगळं घर रोज मोठ्या मायेनं त्याला झोपवत होतं. पट्टी धुऊन, वाळवून, वेळेवर लावत होते. एक दिवस चुकवला नव्हता. याच्यावर ओरडणार तरी कसं?

त्यानंतर पट्टी उजव्या डोळ्यावर गेली आणि घरात रडारड सुरू झाली. पोरगी बादलीवर आपटायची, ताटातली भाजी सांडायची. आईचा जीव तुटायचा, ती पट्टी काढून ठेवायची. मग बाईनं ते काम शाळेत घेतलं. सकाळी प्रार्थना झाली की पट्टी लावायची, घरी जाताना काढायची. पोरं जयूला काणी म्हणायला लागली. बाईनं एक दिवस साऱ्या वर्गाला कागदाच्या पट्ट्या करून दिल्या, म्हणाली, आज सगळेच काणे, बघू कोण चांगलं लिहितं. ती बातमी दुपारपर्यंत गावात गेली आणि तोताराम आबा तणतणत शाळेत आले. मी त्या वेळी तिथंच एका बाकाचा पाय बसवत होतो, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

आबा दारातूनच म्हणाले, "बाई, साऱ्या गावाची पोरं काणी करायचा ठेका घेतला का?"

बाईनं त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. आबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला होता, सगळ्या गावाला ते माहीत होतं. तिनं एक पट्टी उचलली आणि लहान पोराला विचारावं तसं विचारलं, लावू का? आबा कधी कोणाला नाही म्हणाले नव्हते, पोरांसमोर कसे म्हणणार? तिनं त्यांच्या चांगल्या उजव्या डोळ्यावर पट्टी लावली आणि म्हणाली, आता दारापर्यंत जाऊन या. आबा उठले, दोन बाकांमध्ये अडकले, हात पुढे करून चाचपडत गेले आणि डोकं चौकटीला लागलं. त्याच चौकटीला, जिथं जयू आपटली होती. पोरं हसली. आबांनी पट्टी काढली नाही. तिथंच उभे राहून म्हणाले, "जयूले रोज असं होते?" बाई म्हणाली, रोज. आणि असं झालं तरच तो डोळा शिकेल, आबा. दुसरा रस्ता नाही. मग आबांनी पट्टी काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "मग हे आधी सांगायचं होतं ना, बाई."

ते एक वाक्य तिच्या जिवाला लागलं. आबांच्या घरातून पुन्हा कोणी पट्टी काढली नाही, आबा स्वतः काठी घेऊन पोरीला शाळेत आणायला लागले. पण बाई मला म्हणाली, काय करायचं ते मी त्यांना सांगितलं, कशासाठी ते सांगितलंच नाही. मला राग यायचा. मी म्हणायचो, डॉक्टरनं सांगितलं होतं, पोरीच्या आईनं ऐकलं होतं, म्हाताऱ्यानं शहाणपण केलं, तू कशाला डोक्यावर घेतेस? ती म्हणायची, म्हाताऱ्यानं शहाणपणच केलं, दुखतं त्याला पट्टी, असं तुम्हीही केलं असतं. आणि खरंच, मीही केलं असतं.

तेव्हापासून तिनं एक पद्धत धरली. कोणाच्या घरी डोळ्याचं सांगायला गेली की सगळं सांगून झाल्यावर पाण्याचा पेला तोंडाला न लावता हातात धरून बसायची आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला म्हणायची, आता तुम्ही सांगा. त्यानं सांगितलं की विचारायची, का? त्याला सांगता आलं नाही तर परत पहिल्यापासून. लोकांना कंटाळा यायचा. म्हणून ते मागच्या दारानं मळ्यात पळायचे... आणि तिची ही धडपड एकीकडे, तर दुसरीकडे काय चाललेलं असायचं? तपासणीचं पथक आठवडी बाजाराच्या दिवशी यायचं, अर्धी पोरं आईबरोबर बाजारात. चष्मे यायचे तोवर पोरांची वर्षाची परीक्षा होऊन जायची. ट्रेनिंग घेतलेला मास्तर बदलून जायचा आणि नव्याला ट्रेनिंग नसायचं. ती निवृत्त झाली तरी दर जूनमध्ये शाळेत जाऊन पहिलीची पोरं रेघेवर उभी करायची. कोणी तिला बोलावलं नव्हतं. कोणी नको असंही म्हटलं नाही. फुकट काम होतंय, तर होऊ द्या.

जयूचा डोळा सुधारला, पण अर्धा. डॉक्टर म्हणाले, एवढा आला हेच पुष्कळ, लवकर सुरू झालं असतं तर आणखी आला असता. पोरीनं कधी तक्रार केली नाही. मोठी झाली, धावायला लागली, पहाटे सातपुड्याच्या रस्त्यानं धावायची. पोलीस भरतीत उतरली. धावण्यात पास, लेखीत पास, यादीत नाव लागलं. गावात पेढे वाटले. आणि मेडिकलला डाव्या डोळ्यावर बाद झाली. ती घरी न जाता आधी आमच्याकडे आली. बाईसमोर उभी राहिली. बाईनं विचारलं, कोणती ओळ दिसली नाही? जयू म्हणाली, बाई, यांचा तक्ता मला पाठ करायला वेळच मिळाला नाही. दोघी हसल्या. आणि मग बाई स्वयंपाकघरात जाऊन जे रडली, तसं तिला मी तिच्या आईच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. मला म्हणाली, त्या सुट्टीत साक्रीहून एकदा यायला पाहिजे होतं, फक्त एकदा तिच्या दारावरून जायला पाहिजे होतं. ज्यांना काही वाटायला पाहिजे, त्या कोणालाच काही वाटत नव्हतं, आणि हिच्या जिवाला ते घोर लावून बसलं होतं.

तर ही ती बाई. दहाव्या-तेराव्यानंतर शाळेनं शोकसभा ठेवली. मला पुढं खुर्ची दिली. भाषणं झाली. देवमाणूस, देवमाणूस. मग हेडसर म्हणाले, आपल्या शाळेनं बाईंची आठवण कायमची जपली आहे, आणि सगळ्यांनी माना वळवल्या. व्हरांड्यातल्या भिंतीवर तिचा मोठा फोटो, काचेची चौकट, झेंडूचा हार. कशावर टांगला होता? माझ्या खिळ्यावर. पहिलीच्या पोराच्या उंचीला. मोठ्या माणसाला वाकून पाहावं लागत होतं, तरी कोणाला प्रश्न पडला नाही की हा खिळा इतका खाली कोणी आणि का मारला असेल. मी विचारलं, इथलं दाताळं कुठं आहे? कोणाला माहीत नाही. नवे गुरुजी भले माणूस, वयानं लहान, ते इकडं तिकडं शोधायला लागले. शेवटी पोषण आहाराच्या खोलीत सापडलं. खिचडीच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलेलं. वाफेनं पांढरा रंग फुगला होता, दाताळ्याचा एक दात निघून गेला होता. शिजवणारी बाई म्हणाली, नाना, मला वाटलं जुनं पोळपाट आहे. तिच्यावर काय रागवू? पोळपाटच होतं ते.

मी ते घरी आणलं. खरवडलं, पांढरं केलं, नवं दाताळं कापून बसवलं. हात थरथरतो आता, तीन वेळा कापावं लागलं. मग जयूला निरोप पाठवला आणि दोघं शाळेत गेलो. मी फोटो खाली उतरवला. हेडसर धावत आले, म्हणाले, नाना, हे काय करता, गावाला वाईट वाटेल. मी म्हणालो, वाटू द्या. तिला फोटोत पाहायला पोरांना डोळे तर चांगले पाहिजेत आधी. ते म्हणाले, पथक येणार आहे. मी म्हणालो, कोणत्या वारी? व्हरांड्यातली लाल रेघ पुसली गेली होती, ती मी टेप लावून परत मारली. रंग वाळेपर्यंत पोरं तिच्याभोवती बसून राहिली.

गुरुजींनी पोरं उभी केली, जयूनं दाताळं धरलं. कसं धरायचं, पाठीमागे कसं फिरवायचं, तिला सांगावं लागलं नाही. पहिल्याच पोरानं डोळ्यात तळवा खुपसला आणि जयू म्हणाली, "दाबू नको, नुसता झाक." मी तिकडं पाठ करून उभा राहिलो. केळीच्या ट्रकची ये-जा पाहत होतो, काही वेळ दुसरं काही पाहावंसं वाटलं नाही.

पहिलीतली एक पोरगी तशीच निघाली. एका डोळ्यानं सगळं दाखवलं, दुसऱ्यानं हवेतच बोटं फिरवायला लागली, बाजूनं डोकावायला लागली. गुरुजी तिला आणि तिच्या आईला जळगावला घेऊन गेले, हे त्यांचं मी विसरणार नाही. आळशी डोळाच निघाला. पट्टी लागली. त्या दिवशी संध्याकाळी जयू मला म्हणाली, नाना, चला. आम्ही त्या पोरीच्या घरी गेलो. घरात म्हातारी आजी, तिचाच शब्द चालायचा. मी बाहेर ओट्यावर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. आजी म्हणत होती, चांगल्या डोयाले कायले बांधून ठेवता? जयूनं वाद घातला नाही. ती म्हणाली, आजी, भिंतीवरचं कॅलेंडर इथून मला वाचायला सांग. वाचलं. मग म्हणाली, आता मी हा डोळा झाकते, परत विचार. आजीनं विचारलं, हा कोणता महिना? जयू म्हणाली, मला दिसत नाही, आजी. माझ्या वेळी पट्टी दुसऱ्या डोळ्यावर लावली होती. मायेनंच लावली होती.

मग जयूचा आवाज आला, "आता तू सांग, आजी."

"चांगला झाकाचा," आजी म्हणाली.

"का?"

"नाहीतर तो दुसरा तुह्यासारखा राहीन."

जयू हसली. म्हणाली, बरोबर. पाणी दे.

फोटो माझ्या घरी आहे. हार काढून टाकला. तिला झेंडूच्या वासानं शिंका यायच्या, हे शोकसभेतल्या एकालाही माहीत नव्हतं. दवाखान्यात मी हो म्हणालो होतो ते काम झालं, पण ते सांगायचं कोणाला? संध्याकाळी चहा घेऊन फोटोसमोर बसतो. भिंतीला टेकवून जमिनीवरच ठेवला आहे. जन्मभर लोकांच्या घरात खिळे मारले, नुसत्या नजरेनं उंची सांगायचो. हा एक खिळा काही मारणं होत नाही. हातोडी घेऊन उभा राहतो, पेन्सिलनं खूण करतो, ती फार उंच वाटते. खाली करतो. आणखी खाली करतो... पहिलीच्या पोराच्या उंचीला आलो की हातोडी खाली ठेवतो आणि तिच्या समोर तसाच जमिनीवर बसून राहतो.